परक्या गावचे ताट

प्रवासाला निघालेल्या माणसापुढे पहिला प्रश्न उभा राहतो तो पोटाचा. काय पाहायचे हे नंतर ठरते, काय खायचे हे आधी. परदेशवारीची वर्णने वाचताना हल्ली 'धाडसी खाणे' हा शब्द वारंवार भेटतो. जपानला जायचे, कच्ची मासळी चाखायची, तिथली थंडगार बिअर प्यायची, जन्मात कधी तोंडात घातले नाही ते घालून पाहायचे. वाचायला मौज वाटते. पण आम्हा वऱ्हाडातल्या माणसांना त्याबरोबर आणखी एक प्रश्न पडतो. ज्यांच्या आजोबांना रस्त्यावरच्या हॉटेलात साधा चहासुद्धा मानाने मिळत नव्हता, त्यांनी धाडस कशाला म्हणायचे?

आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा. बाजाराला निघताना ती फडक्यात भाकर, कांदा आणि मिरचीचा ठेचा बांधून घेत. त्यात काटकसर होतीच, पण नुसती काटकसर नव्हती. कितीतरी गावांत चहाच्या दुकानाबाहेर वेगळी कपबशी ठेवलेली असे. पिऊन झाले की आपणच विसळून जागेवर ठेवायची. पाणी वरून ओंजळीत घ्यायचे. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमरावतीला बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि अंबादेवीच्या मंदिरप्रवेशाचा प्रश्न गाजला. त्याच वर्षीच्या मार्चमध्ये महाडचे तळे झाले होते. तळे, देऊळ आणि हॉटेलातले बाकडे या एकाच साखळीच्या कड्या होत्या. म्हणून आपल्या माणसाने परगावी बाकड्यावर बसून 'एक प्लेट द्या' म्हणणे, हेच एके काळी धाडस होते.

हे मनात ठेवून एका जोडसुट्टीत आम्ही चार कुटुंबे अकोल्याहून अमरावतीमार्गे मेळघाटात जाऊन आलो. बेत एकच होता. घरचा डबा न्यायचा नाही, जिथे जाऊ तिथले खायचे.

अकोला, अमरावती आणि बुलढाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णा नदीच्या खोऱ्यात खारपाणपट्टा पसरला आहे. जमिनीखालचे पाणी खारट. अशा पाण्यात डाळ लवकर शिजत नाही आणि चहाची चवही बदलते. तरी याच मुलखात पिठले, अंबाडीची भाजी आणि आरावर भाजलेल्या वांग्याचे भरीत असे बनते की दुसरीकडे ती चव सापडत नाही. रोडग्यांचेही तसेच. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरावर भाजायचे, राख झटकायची आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर खायचे. अकोल्याच्या पश्चिमेला रेल्वेवरच शेगाव लागते. तिथली कचोरी आज वऱ्हाडची ओळख झाली आहे. ती सुरू केली फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका कुटुंबाने. कालचे परके खाणे आज आपले होते, ते असे.

मूर्तिजापूरला बंद पडलेल्या 'शकुंतला' गाडीचे अरुंद रूळ मुलांना दाखवले आणि बडनेऱ्यावरून अमरावती गाठली. इर्विन चौकात बाबासाहेबांच्या पुतळ्याला वंदन केले. मग दह्यात भिजलेला गिला वडा खाल्ला. पोरांनी दोन-दोन प्लेटा मागितल्या. वाढणाऱ्याने नाव विचारले नाही, गाव विचारले नाही. आमच्यातल्या एका आजीबाई बाकड्यावर बसून शांतपणे खात होत्या. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिल्यावर अधिक काही सांगावे लागले नाही.

परतवाडा सोडले की घाट सुरू होतो. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. महाराष्ट्रात कॉफी पिकते हे पुष्कळांना ठाऊक नसते. ती इथे पिकते. आसपासची वस्ती कोरकू आदिवासींची. त्यांची भाषा मराठीच्या कुळातली नाही, मुंडारी कुळातली आहे. एका ओळखीच्या कोरकू घरी आम्ही जेवलो. कुटकीचा भात, मक्याची भाकर, रानभाजी आणि वाळवून भाजलेली मोहफुले. 'मावशी, हे कसं खायचं?' असे मुलांनी विचारले. मावशींनी हसून मोहफूल आधी आपल्या तोंडात टाकून दाखवले. चव मनुक्यासारखी, वास मात्र उग्र. एका मुलाने नाक मुरडले तेव्हा त्याच्या आईने डोळे वटारले. त्या आईचे बरोबर होते. आपल्या ताटाकडे पाहून लोकांनी नाके मुरडली, ते आपण भोगले आहे. दुसऱ्याच्या ताटाकडे पाहून आपण ते करायचे नाही.

इथे जपानची गोष्ट सांगितली पाहिजे. जपान म्हटले की आपल्याला भदन्त सुरई ससाई आठवतात, कामठीचे ड्रॅगन पॅलेस आठवते. आमच्या परिचयातला एक तरुण ओसाका शहरी नोकरीला आहे. त्याने कळवले की तिथे बिअरबरोबर जनावराची आतडी निखाऱ्यावर भाजून खातात आणि त्यासाठी लोक रांगा लावतात. आतडी चरबीत कडक तळून शेवयांच्या रश्श्यात टाकलेला 'कासु उदोन' हाही तिथला आवडीचा पदार्थ. मूळचा तो कोणाचा? 'बुराकु' म्हणून वाळीत टाकलेल्या वस्त्यांचा. जनावरे सोलणारे, चामडे कमावणारे हे लोक. इ.स. ६७५ मध्ये तेम्मु सम्राटाने गाय, घोडा, कुत्रा, माकड, कोंबडी यांचे मांस खाण्यावर बंदी घातली. पुढे प्राणिहत्येचा आणि मृत्यूचा विटाळ ज्यांच्या धंद्याला चिकटला, ते हीन ठरले. १८७१ मध्ये सरकारी हुकमाने हा भेद रद्द झाला, १८७२ मध्ये खुद्द मेइजी सम्राटाने गोमांस खाल्ले. तरी भेद गेला नाही, म्हणून १९२२ साली त्या लोकांनी 'सुइहेइशा' ही आपली संघटना उभारली. बौद्ध म्हणवणाऱ्या देशातही हे घडले, याची नोंद आपण घ्यायला हवी. त्याच वस्त्यांतला पदार्थ आज ओसाकाच्या दुकानांत दिमाखाने विकला जातो आणि प्रवासी त्याला धाडस म्हणतात.

आता आपल्याकडे पाहा. वजडी, मुंडी, रक्ती हे आपल्या आयांनी हुशारीने रांधलेले पदार्थ. वाटा मिळायचा तो उरलासुरला, मसाला म्हणजे मिरची आणि मीठ, तरी त्यातून घरची पोरे पोसली. मांसाच्या लांब पट्ट्या उन्हात वाळवून केलेल्या चान्या पावसाळ्यात आधार असत. राज्यात २०१५ पासून बैलांच्या कत्तलीवरही बंदी असल्याने चान्या आता बहुतेक आठवणीतच उरल्या. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक लिहून मराठवाड्यातले असे खाणे कागदावर आणले. वऱ्हाडातल्या आपल्या घरांचे कोण लिहिणार? बाबासाहेबांनी महाडला मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, ते स्वाभिमानासाठी. ते सोडणे योग्यच होते. पण आजीच्या हाताच्या चवीची लाज वाटून पाहुण्यांपुढे ती लपवणे हा स्वाभिमान नव्हे.

राहिली बिअर. जपानात साप्पोरोला १८७६ साली बिअरचा सरकारी कारखाना निघाला. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, पाण्यात शिजवून हॉप वेलीची कडवट फुले घालायची आणि आंबवायचे. मोहाची दारू आंबवून पुन्हा भट्टीवर गाळतात, बिअर गाळत नाहीत, एवढाच फरक. नशा दोन्हींत आहे. आपण पाचवे शील घेतलेले लोक. दारूने आपल्या वस्त्यांत किती चुली विझवल्या हे आम्ही कार्यकर्ते रोज पाहतो. गाडगेबाबांचा जन्म १८७६ साली याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. त्यांनी मुलीच्या बारशाला दारूची रूढी मोडून साधे गोड जेवण घातले. तेव्हा ते फार मोठे धाडस होते.

पण 'नको' म्हणण्याचीही एक रीत असते. जपानात आपला पेला आपण भरत नाहीत, शेजारचा भरतो. पेला भरलेला राहू दिला की पुन्हा कोणी ओतत नाही. किरीन कंपनीने २००९ साली अल्कोहोल नसलेली बिअर काढली. ज्या जवाची बिअर होते, तोच जव भाजून तिथे 'मुगिचा' नावाचा थंड चहा करतात. तो हातात घेऊन माणूस मित्रांच्या पंगतीत बसू शकतो. मेळघाटात आमच्यापुढे मोहाचा पेला आला, तेव्हा आम्ही हात जोडून भात दुसऱ्यांदा मागून घेतला. यजमान खूश झाले. उपदेशाचा एक शब्दही काढावा लागला नाही.

येत्या सुट्टीत मुलांना घेऊन निघाल तेव्हा डब्याला एक दिवस विश्रांती द्या. तिथले खा, रांधणाऱ्या बाईला पदार्थाचे नाव विचारा, मुलांना ते वहीत लिहायला सांगा. परतल्यावर त्याच वहीच्या पुढच्या पानावर आजीकडून घरच्या पदार्थांची नावे आणि कृती लिहून घ्या. काय शिजत असे, कशात शिजत असे, कोणाच्या वाट्याला किती येई, सगळे विचारा. वजडी कशी धुवायची आणि रोडग्याचा आर किती असावा, हे सांगणारी माणसे आपल्या घरात आता फार उरलेली नाहीत.