दुर्बळाचे बळ

बळ म्हटले की तट, तलवार आणि सत्ता यांचीच आठवण आपणांस प्रथम होते. ठाण्याच्या किल्ल्यावरून जाताना मात्र या समजुतीविषयी माझ्या मनात नेहमी शंका येते. पोर्तुगीजांनी तो १७३० साली बांधावयास घेतला. १७३७ साली मराठ्यांनी ठाणे जिंकले, १७७४ साली ते इंग्रजांकडे गेले आणि पुढे त्याच तटाआड तुरुंग झाला. ख्रिस्ताचे नाव घेणाऱ्या एका सत्तेचा दगडी आधार अवघ्या सात वर्षांत हातचा गेला!

त्याच्याही चारशे वर्षे आधी याच गावी ख्रिस्ताचे नाव घेऊन आलेली माणसे निराळी होती. चीनला निघालेले थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमित्री हे चार फ्रान्सिस्कन भिक्षू येथे उतरले. धर्मावरून वाद झाला आणि १३२१ च्या एप्रिलात स्थानिक सत्ताधीशाच्या हुकुमाने त्यांचा वध झाला.

मला अधिक विचार करावासा वाटतो तो मागे उरलेल्या पाचव्याचा. जोर्दानुस हा त्यांचा सोबती त्या वेळी परगावी होता. परत येऊन त्याने सोबत्यांचे देह सोपाऱ्यास पुरले, आणि तो येथेच राहिला. त्याने आपल्या धर्मबंधूंस लिहिलेल्या पत्रांत पराक्रमाच्या गोष्टी नाहीत. एकटेपणा, कैद, अंगभर ठणकणारी दुखणी आणि आणखी माणसे पाठवा अशी विनवणी, हे सारे त्यांत आहे. ज्याच्यापाशी शस्त्र नव्हते आणि प्रकृतीही नव्हती, असा हा मनुष्य काम करीत राहिला. १३२९ साली पोपने त्यास कोल्लमचा बिशप नेमले.

संत पौलासही असेच एक शल्य होते. ते दूर व्हावे म्हणून त्याने तीनदा प्रार्थना केली. शल्य गेले नाही. मनुष्याच्या दुर्बळपणातच ईश्वराचे सामर्थ्य पूर्ण होते, एवढे मात्र त्यास उमगले.

यावर कोणी म्हणेल की, ही शिकवण माणसास लाचार करील. परंतु लाचारी आणि नम्रता या दोन वस्तू आहेत. लाचार मनुष्य भीतीने वाकतो व संधी मिळताच दुसऱ्यास वाकवितो. नम्र मनुष्य कोणास वाकवीत नाही, आणि भीतीपोटी सत्यही सोडीत नाही.

धोका आहे तो दुसरीकडे. आपल्या घरांत आवाज चढविणारा तो कर्ता ठरतो, आणि वर्षानुवर्षे रोग्याच्या उशाशी बसणारी सून अबला ठरते. वर तिलाच सोशिकपणाचा उपदेश ऐकावा लागतो. सोसण्यातले सामर्थ्य बलवानाने दुर्बळास शिकवू लागणे यासारखी विटंबना नाही. पौल बोलला तो स्वतःच्या शल्याविषयी, जोर्दानुसने लिहिले ते स्वतःच्या दुखण्याविषयी. हा उपदेश ज्याचा त्याने स्वतःसच करावयाचा असतो. दुसऱ्याच्या वाट्यास आलेले ओझे दिसले, तर तेथे उपदेश न करता हात लावावा.