साक्षीदाराची गाडी, आणि नसलेली स्टेपनी

अ‍ॅट्रॉसिटीच्या खटल्यात साक्षीदार फुटतात, तारखेला येत नाहीत, म्हणून आरोपी सुटतात, हे आपण इतक्या वेळा ऐकतो की सगळा दोष साक्षीदारांचाच वाटू लागतो. हा साक्षीदार न्यायालयापर्यंत पोचतो कसा, हे मात्र कोणी विचारत नाही. गेल्या पावसाळ्यात एका फाटलेल्या टायरमुळे तो प्रश्न माझ्यापुढे भर रस्त्यात उभा राहिला.

मराठवाड्यातल्या एका गावातून आम्ही सकाळी आठला निघालो. खटला चालू आहे, म्हणून गावाचे आणि माणसांचे नाव देत नाही. गाडी वस्तीतल्याच एका तरुणाची, जुनी, सीएनजी बसवलेली. माझ्याबरोबर साक्षीदार मावशी. पुकारा अकराचा. जिल्ह्याचे ठिकाण चाळीस किलोमीटरवर असताना अर्धवट खोदलेल्या रस्त्यावर पुढचा टायर खडीला घासून फाटला. डिकीत सिलिंडर, त्याने जागा खाल्ल्यामुळे स्टेपनी घरी.

ही वेळ कोणावरही येऊ शकते. २०२० साली केंद्राने नियम बदलला. ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचे साहित्य असेल, तर साडेतीन टनांपर्यंतच्या प्रवासी गाडीला स्टेपनीची सक्ती नाही. म्हणून काय करायचे ते माहीत असावे. गाडी कडेला पक्क्या जागी घ्यायची, पण बसलेल्या टायरवर लांब पळवायची नाही, नाहीतर रिमही जाते. हँडब्रेक ओढून चाकांना दगड लावायचे. माणसांनी रस्त्यापासून दूर उभे राहायचे. रस्त्याला टेकणाऱ्या भागात खिळा घुसला असेल तर तो उपटायचा नाही. हवा भरत भरत जवळचे पंक्चरचे दुकान गाठता येते. छोटा पंप आणि पट्टी मारण्याचे साहित्य गाडीत असावेच. मात्र टायर बाजूने फाटला तर पट्टीही चालत नाही आणि बाटलीतले द्रावणही. मग चाक खोलून दुकानात न्यायचे आणि दुसरा टायर चढवून आणायचा. आमचा टायर बाजूनेच फाटला होता.

चाकापेक्षा मावशींना पुढे पाठवणे महत्त्वाचे होते. आम्ही हात करत राहिलो. एक जीप थांबली. "कुठल्या गावच्या?" मी सांगितले. "कुणाकडच्या?" मावशी गप्प राहिल्या. त्या माणसाची नजर आमच्या काचेवरच्या निळ्या 'जय भीम'वर गेली. जीपची मागची बाजू रिकामी असताना "जागा नाही" म्हणून तो निघून गेला. न थांबलेली प्रत्येक गाडी जातीमुळेच गेली, असे मी म्हणणार नाही. लोकांना घाई असते, अनोळखी माणसाची भीती असते. पण 'कुणाकडच्या' या शब्दाचा अर्थ आम्हा दोघींना कोणी समजावून सांगावा लागत नाही. मावशींची भीती तर वेगळीच होती. थांबणारा आरोपींच्या नात्यातला निघाला तर?

शेवटी एसटी आली. हात केला, थांबली. वाहकाने एवढेच विचारले, "कुठं?" दोन अर्धी तिकिटे दिली. मार्च २०२३ पासून महिलांना एसटीत निम्मे भाडे आहे. ते घेताना कोणाचे पाय धरावे लागत नाहीत. अकराच्या आत पोचलो. मावशींची साक्ष झाली.

मागे राहिलेल्या तरुणाने चाक खोलून टेम्पोतून पुढच्या फाट्यावर नेले. तिथल्या मुसलमान दुकानदाराने वापरलेला टायर चढवून दिला आणि पैसे संध्याकाळी द्या म्हणाला. 'पंक्चरवाले' ही शिवी म्हणून वापरणाऱ्यांनी स्टेपनीशिवाय एकदा अडकून पाहावे. काम हलके ठरवायचे आणि ते करणाऱ्या माणसालाही हलके ठरवायचे, हीच तर जातीची रीत आहे.

बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये आपले प्रवास लिहून ठेवले आहेत. १९०१ मध्ये मसूर स्टेशनावर उतरलेल्या या भावंडांना, महार आहेत हे कळल्यावर, कोणी गाडीवान न्यायला तयार होईना. दुप्पट भाडे दिले, तेव्हा एक तयार झाला, पण गाडी मुलांनीच हाकायची आणि तो पायी चालणार, या अटीवर. १९२९ मध्ये चाळीसगावला टांगेवाल्याने टांगा दिला, हाकायला नकार दिला. सराव नसलेल्या माणसाने तो हाकला. पुलावर चाक कडेच्या दगडावर आदळले, बाबासाहेब फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. तेव्हा ते सरकारने नेमलेल्या समितीचे सदस्य होते. पद होते, भाड्याचे पैसे होते. भरवशाची व्यवस्था नव्हती.

कोणी म्हणेल, तो दुकानदार भला होता, जग भल्या माणसांवरच चालते. तो भला होताच. पण साक्षीदाराने रोज भला माणूस भेटेल या आशेवर घर सोडायचे का? उपकार करणारा नावगाव विचारू शकतो. हक्काला तो अधिकार नाही.

आणि हा हक्क कागदावर आहे. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याच्या १९९५ च्या नियमांतला नियम ११ सांगतो की पीडित, त्याच्यावर अवलंबून असणारे आणि साक्षीदार यांना जाण्यायेण्याचे भाडे मिळाले पाहिजे, तेही लगेच किंवा फार तर तीन दिवसांत. वाहनाची सोय करणे किंवा तो खर्च भरून देणे ही दंडाधिकाऱ्यांची जबाबदारी आहे. स्त्री साक्षीदाराला आपल्या पसंतीचा सोबतीही नेता येतो, त्याचाही खर्च मिळतो. २०१६ पासून लागू झालेल्या कलम १५अ ने हा प्रवासखर्च कायद्यातच आणला. तरी आमच्या तालुक्यात साक्षीदार उसनवारीच्या गाडीने जातात, कारण अर्ज करायचा असतो हेच त्यांना कोणी सांगितलेले नसते.

ते आपण सांगू या. जयंतीच्या वर्गणीतून डीजे लावणाऱ्या प्रत्येक मंडळाने आपल्या भागातल्या चालू खटल्यांच्या तारखा लिहून ठेवाव्यात. तारखेच्या आधी उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे वाहनासाठी लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी, प्रवासाची तिकिटे जपून ठेवावीत. अर्ज नाकारला तर तेही लेखी मागावे आणि विशेष न्यायालयापुढे ठेवावे. साक्षीदार का फुटला हे विचारण्याआधी त्याला आणायला गाडी कोणी पाठवली होती, हे विचारायला शिकू या.

जय भीम!