शेजारच्या ओळी

मोडी लिहिताना अनुस्वार बहुधा गाळलेला असतो. त्यामुळे ‘माग’ दिसलं की मी थांबतो. तो विणकराचा माग असेल, ‘मागणी’चा अर्धा तुकडा असेल, किंवा मांग. त्या दोन अक्षरांवर कितीही वेळ भिंग धरलं तरी ती बोलत नाहीत. वर सुतार, लोहार आणि खाली महार असेल तर बलुत्यांची यादी आहे. पुढं सूत आणि मोहतर्फा, म्हणजे कारागिरांवरचा कर, आला, तर घरात माग चालत होता.

मराठवाड्यात शब्दांचा हा शेजारही एका भाषेचा नसतो. उदगीर, अहमदपूर, निलंगा १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते. देगलूर-बिलोलीकडे तेलुगू रोज कानावर पडते. निजामाच्या दरबाराची भाषा १८८४ पर्यंत फारसी, नंतर उर्दू. पुण्याकडचे काही वाचक आमच्या कागदातला अनोळखी शब्द सरळ लेखनदोष ठरवून मोकळे होतात, याचा मला संताप येतो. सनही शेजारावरूनच कळतो. कसरीनं खाल्लेल्या जागी ‘सब’ एवढंच उरलं, तर ‘सबा’ म्हणजे सात की ‘सबैन’ म्हणजे सत्तर? तिथं त्या पानावरचा देशमुख कोण, एवढाच आधार.

मोतीबिंदूनंतर माझी नजर बारीक अक्षरावर टिकत नाही. एक विद्यार्थिनी वाचते, मी ऐकतो. एका जमीनझाड्यात ती ‘गतकुळ’पाशी अडली. हात मोबाइलकडे गेला. मी म्हटलं, “कोश नंतर. पान काय म्हणतंय?”

“सर, बाकीच्यांपुढं मिरासी लिहिलंय, इथं नाही. घराण्याचं आडनाव आहे, माणसाचं नाव नाही. शेत दुसराच कसतोय, त्याला उपरी म्हटलंय.” जरा थांबून म्हणाली, “घर बुडालं असेल.”

बरोबर होतं. आनंद झाला, आणि टोचलंही. मोल्सवर्थचा कोश मिटून ठेवायचा, चारचौघांत अर्थ सांगायचा आणि मग पान उघडून दाखवायचं, ही माझी मिरवण्याची जागा होती. ती मला फार प्रिय होती.

मला खरं छळतं ते निराळंच. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, आरक्षणाच्या दाखल्यासाठी कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, आणि मोडी वाचणाऱ्यांच्या दारात माणसं आली. कागदावर कधी ‘कु॥’ एवढंच असतं. कुणबी, कुळ की कुलकर्णी? समोर बसलेल्या बापाला मुलाच्या शिक्षणाची काळजी आहे. त्याची नजरही अर्थ ठरवू पाहते. पानापानाला पैसे घेऊन हवं ते वाचून देणारेही निघालेत. दहा दिवसांच्या वर्गात मुळाक्षरं येतात. पांढरी-काळी, बलुतं, वतन येत नाही, आणि मग असा वाचक समोरच्याच्या तोंडाकडे बघून वाचतो.

म्हणून आता कागद कुणाचा हे मी त्या विद्यार्थिनीला आधी सांगत नाही. आणलेला माणूस बाहेरच्या खोलीत बसतो. ती पूर्ण पान वाचते, त्याच हातचं दुसरं पान मिळालं तर तेही. त्या लेखकानं अन्यत्र कुळाला काय लिहिलंय, कुलकर्ण्याला काय लिहिलंय, ते जुळवतो. कधी उलगडतं, आणि कुणबीच निघतं. नाही उलगडलं, तर लिप्यंतरात ‘कु॥’ तसंच ठेवून खाली सही करतो. लोक चिडतात, कागद उचलून दुसरीकडे जातात. त्यांची निकड मला पुरती कळते. नोंद मात्र तशीच राहते.