कोर्वो बियान्कोचा कार्पेट एरिया

गेमवर पैसे घालवावेत का, हे ठरवायची एक सोपी रीत आहे. किमतीला तासांनी भागायचं. मल्टिप्लेक्सचं तिकीट तीनशे, सिनेमा अडीच तासांचा, म्हणजे तासाला एकशेवीस रुपये. गेम हजाराचा, पन्नास तास चालतो, म्हणजे तासाला वीस. झालं, गेम जिंकला. माझा मावसभाऊ नालासोपाऱ्यात राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्याने हे गणित चक्क एक्सेलमध्ये मांडून मला पाठवलं. इंटर्नशिपचा पहिला स्टायपेंड आला होता आणि प्रश्न होता, 'दादा, विचर थ्रीची दोन्ही एक्सपान्शन घेऊ का?' शीटमध्ये एका रकान्याला हिरवा रंगही दिला होता.

गणित बरोबर होतं, पण त्यात एक गोष्ट गृहीत धरली होती. जास्त तास म्हणजे जास्त फायदा. हे खरं असतं तर विरार लोकलचा पास हे जगातलं सर्वोत्तम मनोरंजन ठरलं असतं.

आधी या डीएलसी प्रकाराबद्दल थोडं. आमच्या लहानपणी गेम म्हणजे लॅमिंग्टन रोडवरून कुणीतरी आणलेली डीव्हीडी. ती सोसायटीत सगळ्यांच्या घरी फिरायची आणि शेवटी ओरखडे पडून मरायची. गेम एकदा आला की तो तेवढाच. पुढे इंटरनेट धावायला लागलं आणि कंपन्यांच्या लक्षात आलं की गेम तुकड्यातुकड्यानेही विकता येतो. एप्रिल २००६ मध्ये बेथेस्डाने 'ऑब्लिव्हियन' या गेमसाठी घोड्याचं चिलखत विकायला काढलं, अडीच डॉलरला. फक्त चिलखत. नवी गोष्ट नाही, नवा प्रदेश नाही, घोडा तोच. लोक भडकले, खूप हसले, आणि अनेकांनी ते विकतही घेतलं. आज मोबाइलवरच्या गेममध्ये आपण बंदुकीला सोनेरी रंग द्यायला पैसे मोजतो, त्याची वंशावळ त्या घोड्यापर्यंत जाते.

'द विचर ३: वाइल्ड हंट' हा पोलंडच्या सीडी प्रोजेक्ट रेडचा गेम १९ मे २०१५ ला आला. त्यांनी छोटी छोटी सोळा डीएलसी फुकट वाटली. दाढीच्या स्टाइल, एखादं चिलखत, एखादी छोटी मोहीम वगैरे. पैसे घेतले ते फक्त दोन मोठ्या एक्सपान्शनचे. ऑक्टोबर २०१५ मध्ये 'हार्ट्स ऑफ स्टोन', दहा डॉलर, साधारण दहा तास. ३१ मे २०१६ ला 'ब्लड अँड वाइन', वीस डॉलर, साधारण वीस तास. बघा, भागाकार केला तर दोन्हींचा भाव अगदी सारखा येतो. एक्सेलने दोघांना सारखेच गुण दिले असते. खेळताना मात्र दोघांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

'हार्ट्स ऑफ स्टोन'ची गोष्ट एका कराराची आहे. ओल्गियर्ड नावाच्या सरदाराने गॉन्टर ओ'डिम नावाच्या गृहस्थाशी सौदा केलेला असतो. हा ओ'डिम दिसायला एकदम साधा, डोक्याला टक्कल, फिरता विक्रेता, आरसे विकणारा. बोलणं गोड. आपल्याकडे डोंबारी, फेरीवाले, वासुदेव दारावर येतात तितका सहज तो येतो. मग एका खानावळीत तो टाळी वाजवतो आणि वेळ थांबते. सगळे जागच्या जागी गोठलेले, आणि हा मधून शांतपणे चालतोय. पुढे तो एका लाकडी चमच्याने जे करतो ते इथे लिहीत नाही, जेवता जेवता वाचणारेही असतात.

या कथेच्या मुळाशी पान ट्वार्डोव्स्कीची पोलिश लोककथा आहे. त्याने सैतानाला आत्मा विकला, पण अट घातली की तो फक्त रोममध्येच घ्यायचा. आणि मग तो रोमला जाईचना. शेवटी सैतानाने त्याला एका खानावळीत पकडलं, कारण त्या खानावळीचं नाव 'रोम' होतं. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाला ही कथा लगेच भिडते. रिक्वायरमेंटच्या कागदावर एक शब्द सैल राहिला की क्लायंट काय करतो ते आम्हाला ठाऊक आहे. गेममध्ये 'रोम'च्या जागी 'चंद्र' आहे. तो चंद्र कुठे भेटतो ते सांगत नाही.

मला खेळताना वेताळ आठवत राहिला. कोकणात, गोव्यात वेताळ हा गावाचा राखणदार, त्याची देवळं आहेत. विक्रमाच्या खांद्यावरचा वेताळ मात्र कोडी घालतो, आणि उत्तर माहीत असून गप्प राहिलास तर डोक्याची शकलं होतील म्हणून धमकावतो. ओ'डिमच्या गोष्टीच्या शेवटीही एक कोडं आहे आणि पणाला जीव आहे. पोलंडमध्ये बसलेल्या लोकांनी आपली आजीच्या गोष्टींची पिशवी उघडली आणि तिच्यातून दहा तासांचा गेम काढला, याचा मला हेवा वाटतो. मध्येच एक लग्न आहे. त्यात गेराल्टच्या अंगात एका मेलेल्या बेवड्या सरदाराचं भूत शिरतं आणि तो रात्रभर नाचतो, डुकरं पकडतो, पोरींना छेडतो. आमच्याकडच्या हळदीच्या रात्री पाहिलेल्यांना यात भूत नेमकं कशाला लागलं असा प्रश्न पडेल.

आता वेळेचं बघू. विरारहून अंधेरीला जायला ट्रेनमध्येच तासभर, चर्चगेटला दीड. घरापासून स्टेशन, स्टेशनपासून ऑफिस धरलं तर रोजचे तीन-चार तास सहज जातात. तेही कसे, तर एका हाताने वरची कडी पकडून, दुसऱ्या हातात मोबाइल, आणि नाक दुसऱ्याच्या बॅगेत. ऑफिसला जायच्या दिवशी रात्री घरी आल्यावर लॅपटॉप उघडायची इच्छा होत नाही, कारण दिवसभर तोच उघडा होता. म्हणजे उरतात शनिवार आणि रविवार, त्यातून बाजार, लग्नं, साखरपुडे, सोसायटीची मीटिंग वजा करा. आठवड्याला दोन तास मिळाले तर खूप. दहा तासांचं 'हार्ट्स ऑफ स्टोन' महिनाभरात होतं. वीस तासांचं 'ब्लड अँड वाइन' अडीच महिने. शंभर-दीडशे तासांचा गेम म्हणजे वर्ष-दीड वर्ष, आणि तोवर कुठलं बटण कशासाठी हे विसरायला होतं. या आयुष्यात तास ही मिळकत नसते, तो खर्चाचा रकाना असतो. बॉक्सवर 'शंभर तासांचं साहस' असं लिहिलेलं बघितलं की मी आता दोन पावलं मागे सरकतो.

'एल्डन रिंग'चं उदाहरण घ्या. त्याचं 'शॅडो ऑफ द अर्डट्री' हे एक्सपान्शन २१ जून २०२४ ला आलं. किंमत चाळीस डॉलर, म्हणजे मूळ गेमच्या दोन तृतीयांश. पण पैसे भरले म्हणून आत सोडत नाहीत. आधी मूळ गेममध्ये राडान आणि मोग या दोघांना हरवावं लागतं, आणि मोगपर्यंत पोचणंच एक प्रकरण आहे. दाराबाहेर तिकीट हातात घेऊन उभं राहायचं. ज्यांना ते आवडतं त्यांना ते अफाट आवडतं, पण आठवड्याला दोन तासवाल्यांनी आधी मोगला गाठावं, मग खिशात हात घालावा.

उलटं उदाहरण आपल्या जवळचं आहे. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा 'राजी: अ‍ॅन एन्शंट एपिक' २०२० मध्ये आला. तो रोल-प्लेइंग नाही, साहसाचा आहे. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधणारी मुलगी, मागे राजस्थानी वाड्यांसारखी दुनिया, भिंतींवर देवादिकांच्या कथा. काही तासांतच संपतो आणि शेवट तर इतका अचानक येतो की मी क्षणभर लॅपटॉपच हँग झाला असं समजलो. तासांच्या भागाकारात तो हरतो. तरीही त्याची पुढची गोष्ट एक्सपान्शन म्हणून विकायला काढली असती तर मी किंमत न बघता घेतली असती. एखाद्या गोष्टीने आपलं काहीतरी देणं ठेवलेलं असतं. ते देणं फेडणारं एक्सपान्शन घ्यावं. नुसतं अजून थोडं वाढणारं, पोट भरल्यावर आग्रहाने पानात टाकलेल्या जिलबीसारखं, ते सोडून द्यावं.

म्हणून मावसभावाला लिहिलं: 'हार्ट्स ऑफ स्टोन' सेलमध्ये मिळालं तर लगेच घे, कॉलेजच्या सुट्टीत संपेल. 'ब्लड अँड वाइन' आत्ता नको. त्याने विचारलं, 'पण ते तर जास्त चांगलं आहे म्हणतात ना? अवॉर्डही आहे.' आहे. २०१६ च्या गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्तम रोल-प्लेइंग गेमचं बक्षीस या एक्सपान्शनला मिळालं, पूर्ण गेमांना मागे टाकून. शिवाय त्याच्याबरोबर आलेल्या पॅचमध्ये त्यांनी सामान ठेवायचे, नकाशाचे सगळे मेनू नव्याने बांधले आणि ते एक्सपान्शन न घेणाऱ्यांनाही फुकट दिले. चालू प्रॉडक्टचा इंटरफेस मोडून परत उभा करणं काय असतं हे मला माहीत आहे, म्हणून त्या टीमला माझा सलाम. पण ते थकलेल्या माणसासाठी केलेलं एक्सपान्शन आहे, आणि माझा मावसभाऊ वीस वर्षांचा आहे.

गेराल्ट हा राक्षस मारून पोट भरणारा माणूस. विचर कधी अंथरुणात मरत नाहीत असं त्या जगात म्हटलं जातं. तीन गेम तो गावोगाव फिरतो, खानावळीत झोपतो, हक्काचं घर नाही. 'ब्लड अँड वाइन'मध्ये तो टुसाँ नावाच्या प्रदेशात येतो. चिखल आणि फासावर लटकलेली माणसं मागे राहतात आणि समोर ऊन, द्राक्षांचे मळे, रंगीत छपरं. आमच्या वसईच्या पश्चिमेला, आगाशी-निर्मळकडे सकाळी सायकलवरून गेलं की असंच होतं. स्टेशनची धूळ संपते आणि अचानक केळीच्या वाड्या, बावखलं, पहाटेच्या गाडीने दादरला जाणारी फुलं. कामाचा मोबदला म्हणून तिथली डचेस गेराल्टला एक मळा देऊन टाकते, घरासकट. त्याचं नाव कोर्वो बियान्को. घर जुनं असतं. मग गेराल्ट राक्षस मारून मिळालेल्या पैशातून तबेला दुरुस्त करतो, चांगला पलंग करतो, औषधी झाडं लावतो, भिंतीवर चित्रं टांगतो. नव्या पलंगावर झोपून उठलं की त्याची ताकद काही वेळ वाढलेली असते.

एका रविवारी मी त्याच्या भिंतीवर चित्रं लावत होतो. बाबा मागे चहा घेऊन उभे होते. त्यांनी लालबागची दहा बाय बाराची खोली सोडून विरार पूर्वेला वन रूम-किचन घेतलं तेव्हा मी जन्मलो नव्हतो. पाणी टँकरचं, आणि कर्जाचे हप्ते मी सातवीत जाईपर्यंत. तीस वर्षं त्यांनी चर्चगेटची गाडी पकडली. ते गेम बघत नाहीत, पण त्या दिवशी जरा थांबले.

'घर कोणाचं हे?'

'याचंच. बक्षीस मिळालं.'

'कार्पेट एरिया किती?'

मी म्हटलं, माहीत नाही, मळाही धरायचा का? ते म्हणाले, मळा धरायचा नाही, मळा वेगळा. मग त्यांनी मला घरभर फिरवायला लावलं. जिना कुठे, स्वयंपाकघराला उजेड कुठून, वरच्या खोलीला दार आहे का. गेराल्टला मी पाच मिनिटं नुसता खोल्यांतून चालवत होतो, तलवार पाठीवर. लेखाच्या सुरुवातीच्या गणितात ही पाच मिनिटं कुठल्या भावाने धरायची ते मला जमलेलं नाही.

बाबा पलंगापाशी थांबले. 'याला झोपव की थोडा,' म्हणाले. 'दमलेला दिसतोय.'

मी झोपवला. स्क्रीन काळी झाली, घड्याळ पुढे सरकलं. बाबा कप ठेवायला आत गेले आणि तिथून त्यांनी विचारलं, पाहुण्यांसाठी खोली आहे का. पाहुण्यांच्या खोलीचं काम करून घेता येतं, पण त्याला पैसे लागत होते, आणि गेराल्टकडे त्या दिवशी तेवढे नव्हते.

'मग करेल हळूहळू,' बाबा आतून म्हणाले.