मार्गशीर्षातली अंडी

सानपाड्याची थंडी पहाटेपुरती असते. पूर्वेकडच्या डोंगरावरून वारा उतरतो, गावठाणातल्या गल्ल्यांत कानटोप्या दिसायला लागतात आणि नऊ वाजेस्तोवर ऊन असं तापतं की त्या कानटोप्या खिशात जातात. मुंबईच्या सांताक्रूझ वेधशाळेतला नीचांक ७.४ अंशांचा, तोही २२ जानेवारी १९६२चा. कोंबडीच्या अंगात एकेचाळीस अंशांच्या आसपास ऊब, वर पिसांचे थर. तिला आमच्या थंडीचं काय होणार? तरीही दिवाळी सरली की आमच्या परसातली अंडी कमी व्हायला लागतात आणि मार्गशीर्षात टोपली रिकामी राहते.

लग्न होऊन या घरात आले त्या पहिल्या हिवाळ्यात मी सासूबाईंना विचारलं, खुराड्याला गोणपाट लावायचं का? त्या म्हणाल्या, ‘‘कोंबऱ्यांना थंडी नाय लागत गो. त्यांना काळोख लागतो.’’

त्या शाळेत फारशा गेल्या नाहीत, पण पुढे पशुवैद्यक डॉक्टरांनी मला जे समजावून सांगितलं त्याचं सार हेच होतं. आपल्याकडे जूनअखेरीस दिवस सव्वातेरा तासांचा असतो, डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात जेमतेम अकरा. अंडं घालायचं की नाही, हे कोंबडीचं शरीर या हिशेबावर ठरवतं. उजेड तिच्या डोळ्यांतून जातोच, शिवाय कवटीच्या पातळ हाडातूनही झिरपून मेंदूपर्यंत पोचतो आणि तिथून अंडाशयाला निरोप जातो. उजेड चौदा तासांच्या आसपास मिळाला की निरोप नेमाने जातो, दिवस आखडला की मंदावतो.

बावीस डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो हे आपण शाळेपासून घोकतो. पण तो वाढतो संध्याकाळच्या बाजूने. सकाळ उलट आणखी लांबत जाते. आमच्याकडे सूर्य सर्वांत उशिरा, सव्वासातच्या सुमारास, उगवतो तो संक्रांतीच्या आगेमागे. म्हणजे पहाटेचा काळोख जानेवारीभर टिकून असतो, आणि आम्हा आगऱ्यांच्या घरात अंडी हवी असतात ती नेमकी जानेवारीत. मार्गशीर्षात घरात कोणी खात नाही, त्यामुळे रिकाम्या टोपलीचं कोणाला काही वाटत नाही. पौष लागला की वालाच्या शेंगा भरतात आणि पोपटीचे दिवस येतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या शेंगा, मधे मसाल्यातली कोंबडी आणि अंडी, पुन्हा शेंगा, तोंडाशी पाला दाबून मडकं उपडं करायचं आणि भोवती पेंढा-काटक्यांचा जाळ. पाण्याचा थेंब नाही. त्या वाफेत शिजलेल्या गावठी अंड्याला पाल्याचा जो वास लागतो, त्यासाठी पुण्याला राहणारी पुतणी रजा काढून येते. अशा वेळी दुकानातली पांढरी अंडी आणून मडक्यात घालणं सासूबाईंना मान्य नाही, आणि आता मलाही नाही.

पूर्वी हा प्रश्न इतका अडत नव्हता, असं त्या सांगतात. तेव्हाही दिवस आखडायचाच. पण घराच्या मागून भातशेती सुरू व्हायची. ऐन कार्तिकात मळणी चालायची, खळ्यावर सांडलेला दाणा, पेंढ्याखालचे किडे, बांधावरच्या गोगलगायी हे सगळं कोंबड्यांना मोकाट मिळायचं. काळोखाने कमी केलेलं थोडंफार खळं भरून काढायचं. १९७० साली सिडको आली आणि ठाणे, पनवेल, उरणकडच्या ९५ गावांची शेतं शहरात गेली. आमच्या वाट्याला गावठाणातलं घर, त्यामागची चिंचोळी पट्टी आणि तिच्यावर खांबांवर उभं केलेलं खुराडं एवढं राहिलं. पूर्वी घरच्या गिरणीतून येणारी कणी आता तुर्भ्याच्या दाणाबंदरातून पोत्याने येते. खळं गेलं ते मात्र विकत मिळत नाही. ते आम्हाला दर हिवाळ्यात हाताने उभं करावं लागतं.

उजेडाची पहिली खूण मला गल्लीच्या तोंडाशी राहणाऱ्या काकूंच्या घरी सापडली. त्यांच्या कोंबड्या आमच्याच जातीच्या, खाणंही सारखंच, तरी मार्गशीर्षात त्यांच्याकडे अंडी थांबत नव्हती. त्यांच्या खुराड्यावर रस्त्यावरच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत होता. ते बघून मी आमच्या खुराड्यात पाच वॅटचा पिवळा बल्ब लावला, टायमर बसवून. कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड पुरतो, त्याहून जास्त दिला तर त्या एकमेकींना टोचायला लागतात.

उजेड पहाटे वाढवायचा, संध्याकाळी नाही. संध्याकाळी बल्ब अचानक विझला तर जी कोंबडी खाली दाणे टिपत असते तिला काळोखात बसायची दांडी सापडत नाही, ती रात्रभर जमिनीवर गारठते. पहाटे बल्ब लागला तर त्या आपसूक उतरतात आणि मागून खरा दिवस उगवतो. पण पहाटे चारला बल्ब लागला की कोंबडा आरवणार, आणि आमच्या भिंतीला भिंत लावून आता चार मजली इमारती आहेत. रात्रपाळी करून आलेला माणूस पहाटे झोपलेला असतो, त्याची झोप मोडून अंडी खाणं काही बरं नव्हे. म्हणून कोंबड्याला दिवेलागणीला उचलून पडवीत डालग्याखाली ठेवते, वर जाड गोणपाट. साडेसहापर्यंत त्याच्या लेखी रात्रच असते. अंडं घालायला कोंबडीला कोंबडा लागत नाही, तो पिल्लांपुरताच लागतो, त्यामुळे या व्यवस्थेत कोणाचंच अडत नाही.

बल्बवरून सासूबाईंचं आणि माझं एकदाच वाजलं, आणि त्यांचं म्हणणं मी आजही पाळते. वयाने वाढलेल्या कोंबड्या कार्तिकात पिसं गाळतात. आमची तांबडी तेव्हा ओळखू येत नाही. मान उघडी, शेपटी गळालेली, पाठीवर नव्या पिसांचे निळसर कोंब. त्या कोंबांत रक्त असतं. हात लावला तर तिला दुखतं, ती अंग चोरून लांब सरकते. पीस म्हणजे जवळपास सगळं प्रथिनच, आणि अंडंही प्रथिनांचंच. एका अंगातून दोन्ही एकाच वेळी कसं निघणार? मी तिच्यावरही बल्ब लावायला निघाले तेव्हा सासूबाई म्हणाल्या, ‘‘पिसां येऊ देत गो आधी. बाळंतिणीला कामाला जुंपतात काय?’’ तेव्हापासून खुराड्याच्या मधोमध जाळी आणि फळी टाकून दोन भाग केलेत. गाळणाऱ्या कोंबड्या काळोख्या बाजूला विसावतात, तलंगा, म्हणजे नुकत्या अंड्यावर आलेल्या तरुण माद्या, उजेडाच्या बाजूला. तांबडीचं अंग पुन्हा भरलं, तुरा लाल झाला, की मगच ती इकडे येते. अंड्यांसाठी कोंबडी पिळून काढायची असेल तर परसात पाळायची कशाला? व्यापारी पोल्ट्रीचा हिशेब वेगळा. तिथली लेगहॉर्न वर्षाला तीनशे अंडी देते आणि वर्ष-दीड वर्षात तिचं काम संपतं. आमची गावठी एका खेपेला बारा-पंधरा अंडी घालते आणि खुडूक होऊन त्यांच्यावर बसते. बंगळूरच्या कृषी विद्यापीठात तयार झालेल्या गिरिराजाच्या दोन माद्याही आमच्याकडे आहेत, त्या गावठीपेक्षा जास्त देतात, पण अंड्यांवर नीट बसत नाहीत. दोन्ही असाव्यात, असं माझं मत झालं आहे.

पिसं आणि अंडी दोन्हींसाठी नुसती कणी पुरत नाही. भातात प्रथिनं फार थोडी. ती भरून काढायला दिवाळे गावच्या कोळणींकडून जवळा येतो. सुका, बिनमिठाचा. खारवलेली मासळी कोंबड्यांना कधी द्यायची नाही, मिठाने त्या मरतात. जवळा तव्यावर कोरडा भाजून, चुरून, मक्याच्या भरड्यात मिसळायचा, तोही मूठभरच, कारण जास्त झाला तर अंड्याला वास येतो आणि मग पोपटीत सगळ्यांच्या लक्षात येतं. कवचासाठी तिसऱ्या आणि कालवांच्या शिंपल्या. त्या घरात वर्षभर निघतात, धुऊन उन्हात वाळतात. चुलीच्या निखाऱ्यात घातल्या की ठिसूळ होतात, मग सासूबाई खलबत्त्यात घालून जाडसर कुटतात. पीठ करायचं नाही, खडा राहिला पाहिजे, म्हणजे तो पेषणीत रात्रभर टिकतो. एका कवचात साधारण दोन ग्रॅम कॅल्शियम असतं आणि अंड्याच्या पंचवीसेक तासांतले वीस तास नुसतं कवच चढण्यात जातात, त्यातली बरीचशी रात्र असते. म्हणून शिंपल्यांचं खापर संध्याकाळी भरायचं. हे सासूबाईंनी कुठे वाचलेलं नाही. संध्याकाळी कोंबड्या स्वतःहून त्या खापराकडे जातात, हे त्यांनी पाहिलेलं आहे.

खरी थंडी मी पाहिली ती निफाडला, नणंदेकडे. त्यांची द्राक्षबाग आहे. पारा फार उतरला की बागेत पहाटे शेकोट्या पेटवतात, धुराने मणी वाचावेत म्हणून. तिच्या खुराड्याला गोणपाटाचे पडदे असतात, खाली चांगला चार बोटं भाताचा तूस, आणि संध्याकाळी अख्खा मका. मका सावकाश पचतो आणि पोटात रात्रभर ऊब राहते. सकाळी ती कोमट पाणी ठेवते, गार पाणी कोंबड्या कमी पितात आणि पाणी कमी पडलं की अंडं थांबतं. पण पडदा ती वरून वीतभर उघडाच ठेवते. हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. बंद खुराड्यात शिटेचा वास कोंडतो, डोळे चुरचुरतात, आणि थंडीने न मेलेली कोंबडी सर्दीने मरते. सानपाड्यात तर पडद्याची गरजच नाही. इथे तूस कोरडा ठेवला आणि पहाटेचा वारा थेट दांडीवर येणार नाही एवढं पाहिलं की झालं.

हिवाळ्यातलं खरं भय वेगळंच आहे. रोगाचं. मानमोडीची लस आम्ही चुकवत नाही. पिल्लांना लासोटा, आणि दोन महिन्यांच्या झाल्या की आर-टू-बी. पण लसीची सर्वांत लहान कुपीही शंभर पक्ष्यांची असते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. मग गल्लीतल्या सगळ्यांना सांगावं लागतं. बर्फाच्या थर्मासमधून कुपी आली की सकाळी सकाळी आमच्या पडवीत डालगी, पिशव्या, अगदी खोकीसुद्धा येतात, प्रत्येकात दोन-तीन कोंबड्या. शेजारणी आपापल्या कोंबडीचे पाय धरून रांगेत उभ्या. गावठाणात इतक्या घरांत अजून खुराडी आहेत, हे मला त्याच सकाळी कळतं.

२०२५च्या जानेवारीत उरण तालुक्यातल्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला आणि तिथल्या कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. चिरनेर आमच्यापासून लांब नाही, तिथे आमची सोयरीक आहे. ज्यांच्या घरच्या कोंबड्या गेल्या त्यांचं दुःख मोठ्या फार्मवाल्यापेक्षा कमी नव्हतं. २००६ साली नवापूरला देशातली पहिली साथ आली तेव्हा ही बातमी दूरची वाटली होती, या वेळी ती घरात आली. आमच्यामागे पाम बीच रस्ता, त्यापलीकडे खारफुटी आणि ठाण्याची खाडी. तिथे थंडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात, २०१५पासून त्यांचं अभयारण्य आहे. ते पक्षी बघायला मला मनापासून आवडतं, आणि त्यांना दोष देणाऱ्यांतली मी नाही. पण रानपाखरांकडून रोग येऊ शकतो, हे धरूनच वागावं लागतं. त्या दिवसांपासून हिवाळाभर कोंबड्या जाळीच्या आतच असतात, दाणा-पाणी छपराखाली, जिथे कावळा-साळुंकी पोचणार नाही. खुराड्यात जायच्या चपला वेगळ्या. बाजारातून आणलेली नवी कोंबडी आधी पडवीत एकटी राहते. सासूबाईंना कोंबड्या कोंडणं जिवावर येतं. पण त्या दाराशी बसून त्यांना मेथीच्या काड्या आणि कोबीची पानं टांगून देतात. टांगलेलं पान उड्या मारून खाताना त्या आपसांत टोचायचं विसरतात.

फेब्रुवारीत दिवस दोन्ही बाजूंनी वाढू लागला की बल्ब रोज थोडा थोडा कमी करत बंद करते. तोवर एखादी गावठी खुडूक झालेलीच असते. पंख पसरून, फुगून बसते, हात नेला की कुरकुरते. तिच्याखाली सासूबाई अंडी रवतात, विषम संख्येत, आणि प्रत्येकावर कोळशाची रेघ मारतात, म्हणजे मागून कोणी नवं घातलं तर कळावं. एकविसाव्या दिवशी पिल्लं फुटतात. मेच्या उकाड्याआधी त्यांना पिसं आलेली असली पाहिजेत, नाहीतर ऊन आणि पाऊस दोन्ही जड जातात. त्यातल्या माद्या गणपती-नवरात्राच्या दरम्यान पहिली, लहानखुरी अंडी घालू लागतात. पहिल्या हिवाळ्यात तलंग पिसं गाळत नाही. थोडा उजेड आणि मूठभर जवळा मिळाला तर ती पौषातही घालत राहते. म्हणून यंदा आम्ही दोन खुडूक एकदम बसवल्या आहेत, एक पडवीत, एक मोरीशेजारच्या कोनाड्यात. काकूंनी त्यांच्या दिव्याखालच्या कोंबडीची चार अंडी आणून दिली, ती मोरीजवळच्या खुडूक कोंबडीखाली आहेत.