साळुंकीच्या बेटावरील मूळचे रहिवासी

मॉरिशसला उतरलेल्या भारतीय प्रवाशाला पहिल्या सकाळी आपण परदेशात आहोत असे वाटतच नाही. खिडकीबाहेर साळुंकी कलकलत असते, जास्वंदीच्या कुंपणावर लाल गालांचा शिपाई बुलबुल डोलतो, पोर्ट लुईच्या बाजारात चिमण्या सांडलेले दाणे टिपतात. मादागास्करपासून सुमारे ९०० किलोमीटर पूर्वेला, हिंदी महासागराच्या मध्यावर, हे सारे घरचेच भासते. आणि ते खरोखरच घरचे आहे. साळुंकी अठराव्या शतकात फ्रेंचांनी भारतातून मुद्दाम आणली, टोळांचा नायनाट व्हावा म्हणून. बुलबुल १८९२ साली आला आणि पाहता पाहता सर्वत्र पसरला.

माणसांचेही तसेच. १८३४ पासून करारावर आलेल्या भारतीय मजुरांत मुंबई बंदरातून निघालेले कोकणातील मराठी लोक होते. पोर्ट लुईच्या ज्या घाटावर हे मजूर उतरत, तो आज अप्रवासी घाट म्हणून जागतिक वारशात गणला जातो. त्यांच्या वंशजांच्या घरी आजही गणपती बसतो. या मजुरांनी हातांनी वेचलेल्या काळ्या दगडांचे ढीग उसाच्या शेतांत अजून उभे आहेत. त्या उसाखालची जमीन एके काळी अरण्य होती. आज चांगल्या स्थितीतील मूळ अरण्य बेटावर दोन टक्केही उरलेले नाही, आणि या बेटाचे स्वतःचे पक्षी त्या अरण्याचे रहिवासी होते.

डोडोची कथा सर्वश्रुत आहे. मात्र ती बहुधा अर्धीच सांगितली जाते. १५९८ साली डच खलाशी आले, त्यांनी हा न उडणारा, माणसाला न भिणारा पक्षी मारून खाल्ला आणि तो संपला, असा समज आहे. खलाशांची भूक एवढी मोठी नव्हती. वटवाघळे सोडली तर या बेटावर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नव्हता. त्यामुळे डोडोने घरटे जमिनीवर केले तरी त्याला धोका नव्हता. जहाजांबरोबर उंदीर, डुकरे आणि माकडे आली, त्यांनी अंडी फस्त केली. वर एबनीच्या काळ्या लाकडासाठी झाडे पडू लागली. १६६२ नंतर डोडो दिसल्याची विश्वसनीय नोंद नाही. हा पक्षी मुळात कबुतरांच्या कुळातला. त्याचा सर्वांत जवळचा हयात नातलग आपल्या निकोबार बेटांवर राहतो: हिरव्या-तांबूस झळाळीचे निकोबारी कबुतर.

डोडो गेला, पण डोडोच्या वाटेने निघालेले तीन पक्षी अर्ध्या वाटेवरून परत आले. मॉरिशसला जाणाऱ्याने समुद्रकिनाऱ्याइतकाच वेळ त्यांच्यासाठी राखून ठेवावा.

पहिला मॉरिशस केस्ट्रेल, झाडांच्या दाटीतून झेपावणारा, आखूड पंखांचा छोटा ससाणा. मलेरियाच्या डासांवर फवारलेले डीडीटी त्याच्या अंगात साठले, अरण्य आक्रसले, आणि १९७४ साली मोकळ्या रानात अवघे चार पक्षी माहीत होते. जगातील सर्वांत दुर्मीळ पक्षी म्हणून त्याचे नाव घेतले जाऊ लागले. १९७९ साली वेल्सहून आलेल्या कार्ल जोन्स या तरुण शास्त्रज्ञाने एक साधी गोष्ट हेरली. मादीची पहिली अंडी काढून घेतली तर ती पुन्हा अंडी घालते. काढलेली अंडी यंत्राच्या उबेत ठेवायची, पिल्ले हाताने भरवायची, आणि पंखांत बळ आले की रानात सोडायची. हे काम एकेका अंड्याचे, रात्री-अपरात्री उठून वजन करण्याचे होते. १९९४ पर्यंत तीनशेहून अधिक ससाणे रानात सोडले गेले. पुढे मात्र त्यांची संख्या पुन्हा घटली आणि २०१४ साली जागतिक यादीत या पक्ष्याचा धोक्याचा दर्जा वाढवावा लागला. काम संपले असे समजून हात आखडता घेण्याची सोय येथे नाही.

दुसरे गुलाबी कबुतर. १९९० च्या सुमारास रानात दहाच्या आसपास उरलेल्या या कबुतरांची अंडी पाळीव पारव्यांच्या जातीच्या पक्ष्यांखाली उबवली गेली. आज त्यांची संख्या चारशेच्या वर आहे, आणि त्यांच्यासाठी रानात धान्याची खास भांडी टांगलेली आहेत. पाखरांना नित्य दाणे घालणाऱ्या घरांना हे दृश्य अनोळखी वाटणार नाही.

तिसरा एको नावाचा हिरवा पोपट. १९८० च्या दशकात डझनभर उरलेले हे पोपट आता सातशेच्या पुढे गेले आहेत. त्यांचा प्रतिस्पर्धी मात्र आपल्याकडचाच, गळ्यात गुलाबी कंठ असलेला पोपट. त्याला भारतीय उपखंडातून या बेटावर नेले गेले. तो रानात स्थिरावला आणि आता झाडांच्या ढोलीसाठी आपल्याच भाऊबंदाशी भांडतो. जुनी, पोकळ झाडे थोडी राहिल्याने एकोसाठी लाकडी पेट्या झाडांवर बसवाव्या लागल्या.

जीवदयेच्या संस्कारात वाढलेला वाचक यापुढच्या भागाशी थबकेल, आणि थबकावेच. आग्नेय किनाऱ्यालगत इल ओ एग्रेत नावाचे २६ हेक्टरांचे चिमुकले बेट आहे. तेथील उंदीर आणि रानटी मांजरे हटवल्यानंतरच गुलाबी कबुतरे तेथे वसवता आली. हटवले म्हणजे मारले. शब्द बदलून वस्तुस्थिती बदलत नाही. उंदीर स्वतःहून पोहत आला नव्हता. साखर आणि लाकूड वाहणाऱ्या जहाजांच्या तळातून तो आला आणि कोणत्याही मालाच्या यादीत त्याची नोंद झाली नाही. तीन-चारशे वर्षांनी ते देणे त्याच्याकडूनच वसूल झाले. हे बरोबर की चूक, यावर तेथे काम करणाऱ्यांतही सहज बोलले जात नाही.

समुद्रमार्गाने येणारे संकट अजून थांबलेले नाही. २५ जुलै २०२० रोजी वाकाशिओ हे मालवाहू जहाज याच किनाऱ्यावरील प्रवाळावर चढले. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या टाक्या फुटल्या आणि सुमारे एक हजार टन इंधन पाण्यात पसरले. गावकऱ्यांनी उसाची पाने कापडी पिशव्यांत भरून तेल अडवणारे तरंगते बांध शिवले. इल ओ एग्रेतवरील काही फोडी आणि दुर्मीळ हिरवट चष्मेवाले पक्षी पकडून पिंजऱ्यांतून मुख्य बेटावर हलवण्यात आले. या पक्ष्यांना दुसरा देश नाही. उडून जायचे म्हटले तरी कोठे जायचे?

ज्यांना दुसरा देश आहे असे पाहुणे पाहायचे असतील तर पोर्ट लुईच्या उत्तरेला, शहराच्या अगदी उंबरठ्यावर, तेर रूजच्या खाडीमुखाशी जावे. २००१ पासून या पाणथळ जागेला रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय मान आहे. ऑक्टोबरच्या सुमारास ओहोटीच्या चिखलावर कुरल, टिलवे आणि बाकदार चोचीच्या तुताऱ्या उतरू लागतात. दगड उलथून खालचे किडे टिपणारे पक्षीही त्यांत असतात. तुतारीचे घरटे सैबेरियाच्या उत्तर टोकाला, जेथे उन्हाळा जेमतेम दोन महिन्यांचा असतो. याच जातीचे थवे त्याच हंगामात मुंबईच्या शिवडीच्या चिखलावर आणि कोकणच्या खाड्यांतही उतरतात. काही तेथेच थांबतात, काही विषुववृत्त ओलांडून इतके खाली येतात.

येथे पाहण्याची उत्तम वेळ भरतीच्या आधीची. पाणी चढू लागले की विखुरलेले पक्षी उरलेल्या कोरड्या पट्टीवर एकमेकांना खेटून उभे राहतात. मागे महामार्गावरून मालमोटारी धावत असतात, एका बाजूला बंदराचे पाळणे दिसतात. मार्चपासून तुताऱ्यांच्या करड्या छातीवर विटकरी रंग चढतो, खाणे वाढते, आणि एप्रिल सरताना थवे उत्तरेकडे निघून जातात. सगळे जात नाहीत. आदल्या वर्षी जन्मलेले काही कोवळे पक्षी त्या दीर्घ प्रवासाला अजून तयार नसतात. ते सारा हिवाळा, म्हणजे आपला पावसाळा, याच खाडीत काढतात.