नोंदीतले मेहकर

मेहकरच्या शारंगधर बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघाली आणि ती विलायतेला नेतील या धास्तीने गावकऱ्यांनी तिची घाईने प्रतिष्ठापना केली, असे बुलढाणा जिल्ह्यात सांगतात. सोबतचे ताम्रपट मात्र लंडनला गेले, असेही सांगतात. परदेशी संग्रहालये आपले संग्रह आंतरजालावर खुले करू लागली, तेव्हा मला प्रथम आठवण झाली ती या ताम्रपटांची.

पण शोधायचे कोणत्या नावाने? जुन्या इंग्रजी गॅझेटियरात बुलढाणा 'बुलडाना' आहे, वऱ्हाड 'बेरार' आहे. १९०३ नंतर तर वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले. छायाचित्र कितीही स्वच्छ असो, नोंद करणाऱ्याने जो शब्द वापरला, त्याच शब्दाने वस्तू सापडते. स्मिथसोनियनने २०२० साली २८ लाख प्रतिमा खुल्या केल्या, त्या संख्येने म्हणूनच मी फारसा हरखलो नाही. पुण्याच्या सी-डॅकने संग्रहालयांसाठी केलेल्या संगणकप्रणालीचे नाव 'जतन' आहे. (नाव छानच आहे.) धातू, उंची, काळ यांचे जतन होईल, गावकऱ्यांच्या त्या धास्तीला रकाना कोणता?

तो असावा, आणि मराठीत असावा. 'ऐकीव' असा स्पष्ट शेरा मारून लिहावे. ताम्रपट लंडनला गेलेच नव्हते असे उद्या निघाले, तर तेही त्याच नोंदीत यावे. मेहकर परिसरातल्या मराठीच्या एखाद्या विद्यार्थ्याला सुट्टीत, म्हाताऱ्या माणसांशी बोलून, हे काम सुरू करता येईल.